वाचकांचे प्रश्न : तिकडे माती उडाली, आपल्याकडे वाहून चालली

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज मिळून बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच घेतोय. पहिल्याला जागा जास्त दिलीये कारण त्याच्या उत्तरात बाकीच्यांचंही थोडं थोडं येऊन जातं.

प्रश्न : आबा नमस्कार. शिंदखेडा तालुक्यात माझी साडेसहा एकर कोरडवाहू जमीन आहे, कापूस, थोडी बाजरी, मूग. मुलगा धुळ्याला अ‍ॅग्रीच्या कॉलेजात आहे, त्याने मोबाईलवर जुने फोटो दाखवले. अमेरिकेत १९३५ साली काळ्या ढगासारखी माती आभाळात उठलीये आणि खाली घरं काडेपेटीएवढी दिसतात. तो म्हणतो पप्पा हे दुष्काळामुळे झालं. मी म्हटलं दुष्काळ तर आपल्याकडेही पडतो, बहात्तरला पडला, २०१८ ला पडला, आपली माती कुठे अशी उडाली? मग तिकडेच का? त्यांच्याकडे तर एवढे ट्रॅक्टर, एवढी जमीन. आणि आपल्याकडे असं होऊ शकतं का, ते खरं खरं सांगा.
– एक शेतकरी, शिंदखेडा तालुका

उत्तर : भाऊ, फोटो खरे आहेत आणि मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दुष्काळ होताच, १९३१ ला सुरू झाला आणि अधूनमधून करत पार १९३९ पर्यंत चालला. पण तुम्ही जे विचारलं ना, की दुष्काळ आपल्याकडेही पडतो मग माती तिकडेच का उडाली, तिथेच सगळी गोष्ट आहे. तिथल्या गवताळ माळांवर, ज्यांना प्रेअरी म्हणतात, दुष्काळ हजारो वर्षं येत-जात होते, गवत वाळायचं, पण खाली मुळं जिवंत राहायची आणि माती धरून बसायची. माती उडाली ती गवत काढून टाकलं म्हणून.

प्रेअरी म्हणजे आपल्या कुरणासारखा गवताळ माळ, फक्त शेकडो मैल पसरलेला. ज्या भागात धूळ उठली तो कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको ही राज्यं जिथे एकमेकांना टेकतात तो पट्टा. पाऊस तिथे वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर, म्हणजे तुमच्या शिंदखेड्याइतका किंवा त्याहून कमीच. गवत बुटकं, वर वीतभर दिसायचं पण मुळं माणसाच्या उंचीएवढी खोल, आणि इतकी दाट की सुरुवातीला राहायला आलेले लोक गवतासकट मातीची ढेकळं विटांसारखी कापायचे आणि त्याचीच घरं बांधायचे, कारण लाकूडच नव्हतं तिथे.

सरकारने १८६२ साली कायदा केला, जो येईल, राहील आणि कसेल त्याला १६० एकर. १९०९ ला कोरड्या भागासाठी ते ३२० एकर केलं. जमीन विकणारे लोक तर सांगत फिरायचे की नांगराच्या मागे पाऊस येतो, तुम्ही माळ फोडा, पाऊस आपोआप वाढेल. लोकांनी विश्वास ठेवला हो, गरीब माणसाला जमीन मिळत असली की तो विश्वास ठेवतोच. मग पहिलं महायुद्ध आलं, गव्हाचा भाव बुशेलला, म्हणजे साधारण २७ किलोला, दोन डॉलरच्या वर गेला, ट्रॅक्टर आले, तव्यांचा नांगर आला जो माती पलटवतो कमी आणि भुकटी जास्त करतो, आणि पावसाची वर्षंही चांगली गेली. सगळा माळ गव्हाखाली आला. काही जण तर शहरात राहायचे, फक्त पेरायला आणि काढायला यायचे.

आणि मग भाव पडला. इथे मला आपला कापूस आठवतो, भाव पडला की आपण कमी पेरतो का? नाही, हप्ता तर भरायचाय ना, मग अजून दोन एकर बटाईने घेतो. त्यांनीही तेच केलं, अजून माळ फोडला. १९३२ पर्यंत गहू बुशेलला चाळीस सेंटच्याही खाली आला, काढणीचा खर्च निघेना, लोकांनी वावरं तशीच सोडली. धसकटं आधीच जाळून टाकलेली, वर काही नाही, खाली भुकटी, आणि त्यातच पाऊस गेला. १९३२ मध्ये त्या भागात १४ धुळीची वादळं मोजली, पुढच्या वर्षी ३८. मे १९३४ मधल्या एका वादळाची धूळ न्यूयॉर्क ओलांडून समुद्रातल्या जहाजांवर पडली. तुमच्या मुलाने दाखवलेला फोटो बहुतेक १४ एप्रिल १९३५ चा असणार, त्या रविवारचं नावच काळा रविवार पडलंय. सकाळ स्वच्छ होती, आणि दुपारी उत्तरेकडून काळी भिंत आली, लोकांना स्वतःचा हात दिसेना. बायका खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या, ताटं पालथी घालून ठेवायच्या आणि वाढायच्या वेळेलाच सरळ करायच्या. धुळीने छाती भरून लहान मुलं आणि म्हातारी माणसं गेली. त्या दशकात माळाच्या राज्यांमधून सुमारे २५ लाख लोक घरदार सोडून निघून गेले. आपल्याकडून सुरतेला माणसं जातात तशी, पण यांच्या मागे परत यायला काही उरलेलं नव्हतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आपली काळी जमीन वाऱ्याने तशी उडणार नाही असं मला वाटतं. तिच्यात चिकणमाती जास्त, वावरं लहान, मध्ये बांध, बांधावर निंब-बाभूळ, वाऱ्याला मोकळं मैदान मिळत नाही. बरड आणि मुरमाड वावरात मे महिन्यात वावटळ उठते ती माती घेऊन जाते, ते आहेच. पण भाऊ, आपली माती वारा नाही, पाणी नेतं, आणि पाण्याने गेलेल्याचा फोटो निघत नाही.

मी गेल्या जूनमध्ये एक केलं, तुम्हीही करा. पहिला जोराचा पाऊस झाला, नाल्याला गढूळ पाणी आलं, त्यातली एक लिटरची बाटली भरून आणली आणि ओट्यावर ठेवली. सकाळी पाहिलं तर खाली बोटभर जाड काळा गाळ बसलेला, हाताला लोण्यासारखा मऊ, आणि वरचं पाणी अजूनही चहाच्या रंगाचं. तो गाळ म्हणजे दगड-वाळू नव्हती, ती वरच्या थरातली सगळ्यात बारीक, सगळ्यात कसदार माती होती. नाला किती वेळ वाहिला, किती बाटल्या गेल्या, मोजा.

अजून एक हिशोब सांगतो, हा कागदावर करून मुलाला दाखवा. एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर माती गेली, म्हणजे पोस्टकार्डाच्या तीन-चार जाडीएवढी, तर ती चार घनमीटर होते, आपल्या भाषेत जवळपास दीड ब्रास, वजनाने पाच टन. तुमच्या साडेसहा एकरातून एका पावसाळ्यात मिलिमीटरभर गेली तर नऊ ब्रास माती गेली. हीच माती तुम्हाला कोणी ट्रॉलीने भरून नेताना दिसला असता तर तुम्ही काठी घेऊन धावला असता. आणि एवढा थर परत तयार व्हायला किती वर्षं लागतात ते मुलाच्या पुस्तकात असेल, इंचभर मातीला शेकडो वर्षं.

याला सालकाढी धूप म्हणतात, साल काढल्यासारखी माती जाते आणि कळत नाही. तिकडे ही गोष्ट ज्याने ओळखली तो ह्यू हॅमंड बेनेट नावाचा माणूस, शेतकऱ्याचाच मुलगा. १९०५ साली व्हर्जिनियातल्या लुईसा नावाच्या परगण्यात माती तपासत फिरताना त्याला शेजारी शेजारी दोन तुकडे दिसले, एक जंगलाखालचा, माती भुसभुशीत, ओलसर, हाताने उकरता येईल अशी, आणि दुसरा कितीतरी वर्षं कसलेला, कडक, चिकण, दगडासारखा. मुळात माती एकच, उतार सारखा. मग त्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या तुकड्याची वरची सालच निघून गेलीये. पुढची तीस वर्षं तो हेच ओरडून सांगत राहिला. धुळीने राजधानी वॉशिंग्टनचं आभाळ झाकायला लागलं तेव्हा कुठे ऐकलं गेलं, २७ एप्रिल १९३५ ला मृदसंधारणाचा कायदा झाला आणि त्या खात्याचा प्रमुख बेनेटच झाला.

मग त्यांनी केलं काय? उताराला आडवं नांगरा, पिकांचे पट्टे करा, धसकटं जाळू नका, उघडी जागा गवताने झाका. जो करेल त्याला सरकार एकरी एक डॉलर द्यायचं. १९३८ पर्यंत उडणारी माती ६५ टक्क्यांनी कमी झाली असा तिकडचा आकडा आहे, आणि हे मुलाला मुद्दाम सांगा, की तेव्हा दुष्काळ संपलेला नव्हता, नीट पाऊस यायला १९३९ उजाडलं. पाऊस यायच्या आधी माती थांबायला लागली होती.

तुम्ही काय करायचं ते आता. पहिलं, रोटाव्हेटर. मला माहितीये दोन तासात वावर रांगोळी काढण्यासारखं होतं, बघायला बरं वाटतं, पण मेमध्ये पीठ केलेल्या मातीवर जूनचा पहिला वळीव पडला की वर पापडी धरते, पाणी मुरत नाही आणि पीठ घेऊन नाल्याला जातं. ढेकूळ राहू द्या थोडं, ढेकळाच्या आड पाणी थांबतं. तणासाठी आपला वखर काय वाईट आहे? कॅनडाच्या प्रेअरीतही त्याच वर्षांत माती उडत होती, तिथे अल्बर्टा प्रांतात चार्ल्स नोबल नावाच्या शेतकऱ्याने एक अवजार बनवलं, रुंद पातं, जमिनीच्या खालून आडवं चालतं, तणाची मुळं कापतं आणि वरचं धसकट जागच्या जागी राहू देतं. मी त्याचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बघतच राहिलो, ती आपल्या वखराची पास आहे हो! आकार मोठा, बाकी काम तेच. आपले आजे-पणजे जे करत होते ते तिकडच्या लोकांना सगळं गमावल्यावर सापडलं आणि आपण ते वखर गोठ्याच्या मागे टाकून दिलंय.

दुसरं, पेरणी आणि कोळपणी उताराला आडवी. तुमच्या वावराची लांबी उताराच्या दिशेने असेल तर ट्रॅक्टरवाला लांबीनेच जाणार, त्याचे फेरे वाचतात, तुमची माती जाते, म्हणून पेरणीच्या दिवशी स्वतः बांधावर उभे राहा. कापूस महिना-सव्वा महिन्याचा झाला की कोळप्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडा, त्या सरीत पाणी थांबतं, पैसा काही लागत नाही. दोन ओळींमध्ये मूग-उडीद घ्या, तुम्ही मूग लावताच, तो वेगळ्या तुकड्यात न लावता कापसातच घेतला तर जुलैमध्ये जमीन झाकली जाते, आणि जोराचे पाऊस आपल्याकडे तेव्हाच असतात.

तिसरं बांध, आणि इथे मला माझी चूक सांगायचीये. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मृदसंधारणाच्या कामावर होतो आणि भारी काळ्या जमिनीत समपातळीचे बांध घालून घेतले. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं, बांधाच्या पोटाशी आठ-आठ दिवस साचून राहिलं, पीक पिवळं पडलं, उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडल्या आणि पुढच्या पावसात फुटले. फुटलेल्या बांधाने जेवढी माती नेली तेवढी बांध नसता तर गेली नसती. एक म्हातारे बाबा मला काही बोलले नाहीत, फक्त हात धरून त्या भगदाडापाशी घेऊन गेले. म्हणून सांगतो, हलकी-मध्यम जमीन असेल तर समपातळी ठीक, भारी काळी असेल तर ढाळीचा बांध, शंभर मीटरला वीस ते चाळीस सेंटिमीटर उतार देऊन, आणि पाणी जिथे बाहेर पडतं तिथे दगडाची सांड आणि गवत. बांधावर मारवेल गवत लावा, पहिल्या पावसात ठोंब टोचले की लागतं, बैल आवडीने खातात. वरच्या बाजूच्या शेजाऱ्याशी बोला, कारण त्याचं पाणी मोकळं सुटलं तर तुमचा एकट्याचा बांध टिकत नाही. तिकडेही एकेकट्याने जमेना म्हणून १९३७ पासून भागाभागाच्या शेतकऱ्यांची मंडळं झाली. आपल्याला हे नवीन नाही, पांझरा नदीच्या फडात, म्हणजे एका पाटावरच्या सामाईक शेतीत, पाटकरी ठरवेल तसं पाणी सगळे घ्यायचेच ना.

प्रश्न : कापूस निघाल्यावर आम्ही पऱ्हाटी उपटून वावरातच पेटवतो. शेजारच्या ताई म्हणतात जाळू नका, माती मरते. मिस्टर म्हणतात नाही जाळली तर पुढच्या वर्षी गुलाबी बोंडअळी. कोणाचं ऐकू?
– एक वाचक भगिनी, पारोळा

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकायचंय, म्हणून हा प्रश्न अवघड आहे आणि याला सोपं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बोंडअळीचं मिस्टरांचं म्हणणं खरं आहे, ती अळी वाळलेल्या बोंडात आणि पडलेल्या कवड्यांमध्ये, म्हणजे किडक्या कापसात, दडून बसते, म्हणून फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुढे लांबवलेलं पीक, घेऊ नका, डिसेंबरअखेर कापूस संपवा आणि बोंडं वावरात लोंबत ठेवू नका. पण त्यासाठी सगळं झाड जाळायची गरज नाही. किडकी बोंडं, कवड्या वेचून तेवढ्याच नष्ट करा, जनावरं नाहीतर शेळ्या-मेंढ्या एकदा फिरवून घ्या, त्या अर्धवट बोंडं साफ करतात. राहिलेल्या पऱ्हाटीची श्रेडरने कुट्टी करा, भाड्याने मिळतो आता बऱ्याच गावात, चार घरं मिळून आणला तर परवडतो. कुट्टी शेणाच्या पाण्यात भिजवून खड्ड्यात कुजवली तर उत्तम, नाहीतर वावरात पसरून टाका.

एका एकरातून टनभर तरी पऱ्हाटी निघते, बागायतीत जास्तच. ती जाळली की तुमच्या हातात मूठभर राख येते आणि तीही पहिल्या वाऱ्याने उडते. चुलीला थोडी लागते ती ठेवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बिनानांगरटीची शेतीही लोक आता करायला लागलेत, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा तंत्र आधी भातासाठी होतं, आता कापसातही करतात, गादीवाफे एकदाच करायचे आणि मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्यात तणनाशक लागतं हे मला खटकतं, प्रेअरीतही नांगर सुटला पण तणनाशक आलं. तुम्ही अर्ध्या एकरावर बघा, सगळ्या वावरावर एकदम नको.

प्रश्न : आमचं वावर तापीकाठी, रावेर तालुक्यात. काठाची घळ दरवर्षी आत सरकते, वडिलांच्या वेळेपेक्षा पाऊण एकर तरी कमी झालंय. जेसीबीने दोनदा भरली, दोन्ही वेळा पावसाळ्यात परत उघडली. आता केळी घळीच्या तोंडापासून दहा फुटांवर आलीये.
– एक केळी उत्पादक

उत्तर : दादा, घळ भरायची नसते, तिच्या तोंडाशी येणारं पाणी वळवायचं असतं. तापी-पूर्णेकाठची माती गाळाची आहे, खूप खोल, बारीक, दगड नाही की मुरूम नाही. पाणी भेगेतून खाली शिरतं, आतल्या आत भुयार करतं, आणि मग वरचा भाग एकदम बसतो. तुम्हाला सकाळी जाऊन बघितल्यावर नवीन भगदाड दिसत असेल, आदल्या दिवशी तिथे जमीन सपाट होती, बरोबर ना? जेसीबीने टाकलेली सैल माती तर त्या पाण्याला अजून सोपी.

तर आधी घळीच्या तोंडापासून निदान तीस फूट केळी मागे घ्या. दुखेल, मला माहितीये, चांगल्या बागेतले ओळीने घड जातील, पण तसे ते जाणारच आहेत. त्या तीस फुटांत नांगर नाही, पाणी नाही, ड्रीपची नळी नाही, फक्त गवत, खस म्हणजे वाळा, आणि मागे बांबू. मग वरून येणारं पाणी आडव्या चराने एका बाजूला काढा आणि गवताच्या पाटाने, नाहीतर दगडाच्या पायऱ्यांनी खाली उतरवा. घळीच्या आत वरच्या टोकापासून सुरुवात करून काटक्यांचे, दगडांचे छोटे छोटे आडबंध घाला, मोठा एकच घालायला जाऊ नका, तो बाजूने फुटतो. दोन-तीन वर्षांत तळाशी गाळ धरायला लागतो, त्यात बाभूळ, करंज आपोआप येतात, त्या तोडू देऊ नका. उंदीर-खेकड्यांची बिळं काठावर दिसली की दाबून बुजवा, पाणी तिथूनच शिरतं.

प्रश्न : आबा, मी अमळनेर तालुक्यातला, वय ७४. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही रेशनवर लाल मिलो खाल्ला, तो कुठला होता? नातवाला सांगायचंय.

उत्तर : नाना, तो मिलो अमेरिकेतून आलेला. मिलो म्हणजे तिकडची ज्वारीच, बुटकी, कणीस वर घट्ट, आणि ती पिकते मुख्यतः कॅन्सस-टेक्सासच्या पट्ट्यात, वर पहिल्या उत्तरात ज्या माळाची गोष्ट सांगितली ना, तोच पट्टा. गव्हाने दगा दिला तेव्हा तिथल्या लोकांनी पाण्यावाचून तग धरते म्हणून ज्वारीच पट्ट्यापट्ट्याने लावली, माती धरायला पण आणि दाण्याला पण. म्हणजे १९३५ ला ज्या मातीने तिथल्या माणसांना हाकलून दिलं तिकडचंच धान्य ३७-३८ वर्षांनी आपल्या ताटात होतं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, माय नाला बांधाच्या दुष्काळी कामावर जायची, मी मागे मागे, तिथे सुकडी खायला मिळते म्हणून. मिलोची भाकरी थापताना तुटायची आणि दादरच्या, म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीच्या, भाकरीची सवय असलेली आजी ती हातात घेऊन नुसती बसून राहायची. आणि तुम्ही तेव्हा दुष्काळी कामावर एखाद्या बांधावर माती टाकली असेल तर तो अजून आहे का बघा, असेल तर नातवाला दाखवून आणा.

प्रश्न : साक्री तालुक्यात आमच्याकडे वारा फार, म्हणून तर पवनचक्क्या लावल्यात. बांधावर झाडं लावावी म्हणतो पण भाऊबंद म्हणतात सावली पडते, मुळं झोंबतात, दोन ओळी पीक येत नाही.
– एक वाचक

उत्तर : भाऊबंद खोटं बोलत नाहीत, झाडालगतच्या दोन ओळी मार खातात. पण हिशोब पूर्ण मांडा. झाडांची ओळ तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा चांगला मंदावते, म्हणजे वीस फुटी ओळ पुढचं दोनशे फूट वावर सांभाळते, तिथे ओल टिकते, फुलगळ कमी होते. अमेरिकेत १९३५ ते १९४२ मध्ये सरकारने नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत माळावर २२ कोटी झाडं लावली, सगळ्या पट्ट्यांची लांबी जोडली तर तीस हजार किलोमीटरच्या आसपास. त्यातले बरेच पट्टे नंतर पाण्याची मोठी यंत्रं गोल फिरवायला आड येतात म्हणून तोडले, हेही सांगतो, म्हणजे लावताना पुढच्या वीस वर्षांचा विचार करा, विहीर कुठे, रस्ता कुठे.

आपल्याकडे वारा जास्त करून पश्चिम-नैऋत्येकडून, तर झाडं वावराच्या त्या बाजूला लावा, चारी बाजूंनी नको. भिंतीसारखी गच्च ओळ नको, थोडा वारा आरपार जाऊ द्या, नाहीतर तो वरून उडी मारून पलीकडे भोवरा करतो. पहिल्या वर्षासाठी शेवरी, रावेर-यावलकडे केळीभोवती लावतात तीच, सहा-आठ महिन्यांत डोक्याच्या वर जाते, पाला शेळ्यांना. तिच्या आडोशाने मग निंब, शेवगा, आणि भाऊबंदांच्या बाजूला सीताफळ, त्याची मुळं फार लांब जात नाहीत आणि फळ दोघांना खाता येईल. पहिली दोन वर्षं झाड आणि पीक यांच्यामध्ये दीड-दोन फूट खोल चर ठेवा, मुळं पिकाकडे वळत नाहीत आणि चरात पावसाचं पाणीही मुरतं. शेवरीचं बी पेरायच्या आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजत घाला, नाहीतर निम्मं उगवत नाही, आणि जून लागल्यावर पहिली चांगली ओल झाली की त्याच आठवड्यात टाका.